ओपिनेल आठ नंबर पावसाळ्यात उघडत नाही: कारणं आणि उपाय

जून सरत आला की हा प्रश्न हमखास येतो. एप्रिलमध्ये घेतलेला चाकू तेव्हा अंगठ्याच्या नखाने अलगद उघडत होता, आता नख मोडायची वेळ आली तरी पातं जागचं हलत नाही. मग कुणी सांध्यात खोबरेल तेल ओततं, कुणी पात्याला पक्कड लावतं, कुणी नकली माल गळ्यात मारला म्हणून विक्रेत्याच्या नावाने बोटं मोडतं. माल बहुतेक वेळा अस्सलच असतो. गंमत अशी की गंजाच्या भीतीने मुद्दाम स्टेनलेस पातं घेतलेली मंडळीही याच रांगेत उभी असतात. पातं अडकण्याचा पोलादाशी फार थोडा संबंध आहे. ते लाकडामुळे अडकतं, आणि लाकूड नक्की काय करतंय हे कळल्याशिवाय केलेले उपाय चाकूचं नुकसानच जास्त करतात.

ज्यांनी हा चाकू पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या आल्प्समध्ये सावोय नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांच्या खिशात बसेल असा घडीचा चाकू बनवला. १८९७ मध्ये त्याने लहान-मोठ्या आकारांना १ ते १२ असे नंबर दिले. त्यातला आठ नंबर सगळ्यात जास्त लोक रोज वापरतात. पातं साडेआठ सेंटीमीटर, मूठ अकरा, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. अख्ख्या चाकूत भाग पाचच: बीच या युरोपातल्या झाडाच्या लाकडाची मूठ, पातं, रिव्हेट, मुठीच्या तोंडाला घट्ट बसवलेलं स्टीलचं कडं आणि त्या कड्यावर फिरणारी रिंग. ही रिंग १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने आणली. त्याआधी पातं उघडं ठेवायला किंवा मिटलेलं ठेवायला लाकडाच्या पकडीशिवाय काहीच नव्हतं. आत स्प्रिंग नाही, वॉशर नाही. पात्याचा बुडखा लाकडाच्या दोन भिंतींमध्ये दाबून धरलेला असतो, बस. म्हणजे थोडा घट्टपणा हा या रचनेचा भागच आहे. आपली तक्रार सुरू होते ती तो घट्टपणा हाताबाहेर गेल्यावर.

आधी रिंग बघा

हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगायला हवं. २००० सालापासूनच्या चाकूंमध्ये रिंग पातं उघडं असतानाही लॉक होते आणि मिटलेलं असतानाही. खिशात किल्ल्यांबरोबर घासून रिंग आपोआप थोडी फिरते, आणि मालक पात्याशी झटापट करत बसतो. रिंगेतली फट मुठीच्या खाचेच्या, म्हणजे पातं मिटून जिथे बसतं त्या चिरेच्या, अगदी सरळ रेषेत आणा, मगच पुढचं बोला.

रिंगच फिरत नसेल तर ती वेगळी अडचण. रिंग आणि तिच्याखालचं कडं दोन्ही स्टेनलेस, त्यामुळे ती गंजून बसलेली क्वचित असते. बहुधा आत आंब्याचा रस, साखर, खिशातला दोऱ्यांचा कचरा आणि घाम यांचं खत तयार झालेलं असतं. कोमट पाण्यात भिजवलेला जुना टूथब्रश पिळून घ्या आणि रिंगेच्या कडेने फिरवा. अख्खा चाकू पाण्यात बुडवू नका. पाणी लाकडात शिरलं की एक दुखणं बरं करताना दुसरं ओढवून घेतलंत.

अडकतंय कुठे?

रिंग मोकळी असूनही पातं हलत नसेल, तर ते नक्की कुठे धरलं जातंय हे शोधायचं. पातं कसंतरी एकदा उघडावंच लागेल, आणि त्यासाठी सावोयच्या लोकांची जुनी रीत पक्कडीपेक्षा शंभर पटीने बरी. मूठ दोन्ही बाजूंनी धरा, खाचेवर एकही बोट येऊ देऊ नका. मुठीचं मागचं टोक, खाचेच्या बाजूचा कोपरा, लाकडी टेबलावर किंवा पाटावर टणकन आपटा. मूठ थांबते, पातं आपल्या झोकाने किंचित बाहेर येतं आणि चिमटीत धरता येतं. त्या मुलुखात ही युक्ती लहान पोरांनाही ठाऊक असते, कारण ओल धरलेली मूठ त्यांनाही नवी नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आपटू नका, कोपऱ्याचा टवका उडतो. पक्कड तर नकोच. ती पात्यावर ओरखडे पाडते, आणि सटकली की धार सरळ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर येते.

पातं उघडलं की सावकाश मिटवून-उघडून बघा. तीन प्रकार दिसतात.

पहिला: पातं पूर्ण फेरीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सारखंच जड. याचा अर्थ कड्याखालचं लाकूड फुगलंय आणि सांध्यालाच पकड बसलीय. पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारी या प्रकारच्या.

दुसरा: मिटलेलं असताना घट्ट, पण थोडं वर आलं की एकदम मोकळं. इथे सांधा ठीक आहे, मुठीतली लांब खाच कुठेतरी आत झुकलीय. कार्बन पात्यावर, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या, गंजणाऱ्या पोलादाच्या पात्यावर, ती जागा आपोआप कळते. घासली जाणारी रेघ बाकीच्या राखाडी पात्यात चकचकीत दिसते. स्टेनलेसवर मार्करची शाई फासा, दोन-चार वेळा मिटवा, शाई जिथे पुसली गेली तिथेच गाठ आहे.

तिसरा: पातं हलतं, पण चिकटत-चिकटत, आणि आवाजही जरा ओलसर येतो. हा चीक. मे महिन्यात कुणी त्याच चाकूने फणस फोडलाय की काय, घरात चौकशी करा. फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, तेलाने निघतो. इथे मात्र खोबरेल तेल ओतणारे बरोबर असतात. सांध्यात आणि खाचेत तेल सोडा, थोडा वेळ पातं हलवत राहा, मग जुन्या सुती कापडाची पट्टी खाचेतून ओढून सगळा काळा माल बाहेर काढा. तेल तसंच आत ठेवू नका. का, ते पुढे येतंच.

लाकूड नेमकं काय करतं

जुलैत घराचं दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, तोच प्रकार इथे छोट्या मापात चाललेला असतो. लाकूड हवेतली ओल घेतं आणि आडवं फुगतं. रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, लांबीत ते जवळपास बदलत नाही, जे काही होतं ते रुंदीत आणि जाडीत. त्यात बीच हे लाकूड जरा जास्तच हलणारं. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान सर्वात जास्त आकसणाऱ्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आकसतं, बीच ११ ते १२ टक्के. आपल्याकडे सुतार सागाचं नाव का काढतात ते इथे कळतं. पण बीच स्वस्त आहे, कठीण आहे, यंत्रावर गुळगुळीत कापलं जातं आणि फ्रान्समध्ये मुबलक आहे. या किमतीच्या चाकूला दुसरं काय लावणार?

आता आपल्या हवेचा हिशोब. मार्च-एप्रिलच्या दुपारी देशावर हवा ३० टक्के आर्द्रतेपर्यंत किंवा त्याहूनही कोरडी होते. त्या हवेत ठेवलेल्या लाकडात ओल साधारण ६ टक्के उरते. जुलैत किनारपट्टीवर आर्द्रता ८५ च्या आसपास किंवा वर, आणि तिथे तेच लाकूड १७-१८ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतं. मुठीचं तोंड दोनेक सेंटीमीटर जाडीचं धरलं, तर रेषांच्या दिशेनुसार ०.४ ते ०.८ मिलिमीटर फुगवटा आला. हे वाचायला किरकोळ वाटेल. पण पात्याची जाडीच दीड-पावणेदोन मिलिमीटर आहे, आणि दोन्ही बाजूंना मिळून मोकळी जागा मिलिमीटरचा अगदी थोडा अंश.

शिवाय बाहेरून स्टीलचं कडं आहे. लाकडाला बाहेर फुगायला कडं देत नाही, मग ते मोकळ्या जागेकडे, म्हणजे खाचेकडे, फुगतं. मुठीला बाहेरून वॉर्निश असतं ते ठीक. पण खाचेच्या आत आणि रिव्हेटच्या भोकात लाकूड बहुधा उघडंच असतं, ओल तिथूनच शिरते. म्हणून मूठ बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते आणि सांधा आवळलेला असतो.

वाळवणं

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त वेळा पुरेसा ठरणारा उपाय. पातं अर्धवट उघडं ठेवा, म्हणजे सांध्याला हवा लागेल. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाका आणि चाकू त्यात ठेवून द्या. बुटांच्या खोक्यातली एक पुडी टाकून चालत नाही, आणि ती वर्षभर उघडी पडलेली असेल तर तिने आधीच पोटभर ओल प्यालेली असते. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तांदळात स्वतःच १२-१३ टक्के ओल असते. तो थोडंफार शोषतो, चमत्कार करत नाही. माझी पसंती फ्रिजच्या मागच्या किंवा इन्व्हर्टरजवळच्या उबदार कोपऱ्याला. सावकाश, काही दिवस.

गॅसच्या शेगडीवर धरणं, तव्यावर ठेवणं, दुपारच्या कडक उन्हात टाकणं, हे प्रकार टाळा. बाहेरचा थर झपाट्याने आकसतो, आतला फुगलेलाच असतो, आणि कड्याच्या कडेपासून मुठीत सरळ चीर जाते. ती चीर गेली की चाकू संपला. मायक्रोवेव्हबद्दल लिहायला नको होतं, पण लोक विचारतात म्हणून: धातू आहे, नाही.

घासणं, आणि घासायची वेळ

वाळवून दरवर्षी भागत असेल तर पुढे जाऊच नका. दर जुलैत तोच वैताग असेल तर खाच थोडी रुंद करावी लागेल. इथे एक गोष्ट बहुतेकांकडून उलटी होते. भर पावसात, पातं पूर्ण अडकलेलं असताना, चिडून ते खाच इतकी घासतात की पातं लगेच भुर्रकन उघडू लागतं. मग मार्चमध्ये लाकूड आकसतं आणि पातं मिटलेलं असताना आपल्याच वजनाने लोंबतं. काढलेलं लाकूड परत येत नाही.

म्हणून घासा पावसाळ्यातच, कारण अडचण तेव्हाच दिसते. पण थांबायची खूण आधी ठरवून घ्या: पातं नखाने उघडतंय, पण जोर लावावा लागतोय. तिथे थांबा. जुलैत थोडं घट्ट असलेलं पातं उन्हाळ्यात बरोबर होतं.

लांब खाचेसाठी १२० नंबरचा पॉलिश पेपर पातळ स्टीलच्या पट्टीवर किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या तुकड्यावर घडी घालून घ्या आणि फक्त खूण दिसली त्या भिंतीवर फिरवा. सांध्यापाशी काम नाजूक आहे. तिथे पेपराची अरुंद पट्टी कापायची, खरखरीत बाजू लाकडाकडे ठेवायची, पात्याच्या बुडख्याच्या आणि भिंतीच्या मधून ती सरकवायची आणि ओढायची. पातं वेगवेगळ्या कोनात ठेवून हे पुन्हा करायचं, दोन्ही बाजूंना सारखं. एकाच बाजूला जास्त घासलंत तर पातं तिरकं बसतं आणि मिटताना धार खाचेच्या भिंतीला लागून बोथट होते.

रिंग सर्क्लिप प्लायरने, म्हणजे रिंगा पसरवायच्या टोकदार पक्कडीने, पसरवून काढता येते, त्याने जागा जरा मोकळी होते. काढताना ती उडते, चष्मा घाला. रिव्हेट मात्र ठोकून काढू नका. दोन्ही टोकं चेपून बसवलेली असतात, काढल्यावर तशी परत बसवणं घरच्या हातोडीने होत नाही, आणि नवं रिव्हेट आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाही. या चाकूचे भाग सुटे करून पॉलिश करून पुन्हा जोडणारे हौशी लोक जगभर आहेत. ज्याला तो छंद आहे त्याने जरूर करावं. ज्याला फक्त पेरू कापायचाय त्याने लांब राहावं.

तेल की मेण

तेलाबद्दल मालकांमध्ये जितके वाद होतात तितके धारेबद्दलही होत नाहीत. एक पंथ मूठ रात्रभर जवसाच्या तेलात बुडवतो. लाकूड छान गडद दिसतं, हे मान्य. पण जवसाचं तेल पाण्याची वाफ फारशी अडवत नाही, आणि ते हवेत घट्ट होणारं तेल आहे. खाचेत राहिलेलं तेल आठवड्याभरात चिकट पापुद्रा होऊन बसतं आणि पात्याला धरतं. पावसाने जे केलं नसतं ते तेलाने होतं. शिवाय त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून, दोरीवर वाळवून मगच फेका.

शेंगदाणा, सूर्यफूल, करडई ही स्वयंपाकाची तेलंही कालांतराने चिकट आणि खवट होतात. खोबरेल त्यामानाने कमी चिकटतं, पण खवट तेही होतं, आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात सांध्यात थिजून बसतं. सांध्यासाठी केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. स्वस्त आहे, वास नाही, खवट होत नाही, आणि ज्या चाकूने फळं कापायची त्याला चालतं. एक थेंब, जास्त नाही. शिलाई मशीनचं तेल सांध्याला उत्तम, पण मग त्या चाकूने खाण्याचं काही कापू नका.

ओल थोपवायला मात्र मेण. साधं पॅराफिन मेण किंवा मधमाश्यांचं, दोन्ही चालतात, आणि वाफ अडवण्यात ते तेलापेक्षा कितीतरी पुढे आहेत. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं, लाकूड सगळ्यात कोरडं असतं तेव्हा. मेणाचा तुकडा खाचेच्या कडांवर आणि सांध्यापाशी घासा, हेअर ड्रायरने लांबून ऊब द्या, मेण आत ओढलं जातं. निवल्यावर पातं हलवून जादा मेण पुसून काढा. पावसात ओली मूठ मेणाने बंद केलीत तर आतली ओल आत कोंडून ठेवलीत, आणि कार्बन पातं असेल तर त्याचं काय होतं ते खाली आहेच.

मेणाचा गुण जास्त सांगणार नाही. ते ओलीला उशीर करतं, कायमचं रोखत नाही. चार महिने संततधार असलेल्या ठिकाणी ऑगस्टपर्यंत लाकूड ओल घेतंच. पुण्या-नाशकात मेण पुरतं. दापोली, सावंतवाडी, फोंडा इथे मेण अधिक थोडं घासणं, असं दोन्ही लागतं.

कार्बन पात्याचं वेगळं दुखणं

कार्बन पात्याच्या पोलादात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो. धार पटकन लागते, आणि तितक्याच पटकन गंजही लागतो. कैरी, लिंबू, कांदा, कोकम कापून तसंच मिटवलंत तर पात्यावर राखाडी-निळे डाग पडतात. ते डाग गंज नव्हेत, उलट तो थर गंजाला थोडा आवर घालतो. पहिल्या काही वेळा कैरीच्या फोडीला लोखंडी चव येते आणि फोडीची कडही काळवंडते, पुढे ते कमी होतं. नारिंगी-तपकिरी पूड दिसली तर तो गंज.

सांध्याच्या बाबतीत महत्त्वाचं हे की ओलं लाकूड पात्याच्या बुडख्याला दिवसरात्र चिकटून असतं. तिथे गंज धरला की त्याची जाडी लाकडाच्या फुगण्यात भर घालते, म्हणून कार्बनवाल्यांचा चाकू स्टेनलेसवाल्यांपेक्षा जरा जास्तच अडकतो. पातं हलवताना तपकिरी पूड बाहेर येत असेल तर आधी वाळवा, मग लिक्विड पॅराफिनचा थेंब सोडा, पातं चालवा, कापडाने पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. चिंच किंवा व्हिनेगर पात्यावर ठीक, सांध्यात नको. आंबट उतरवायला पाणी लागतं, आणि पाणी पुन्हा लाकडात.

ठेवण्याबद्दल दोन गोष्टी. कातडी म्यान दिसायला झकास, पण पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. चाकू त्यात महिनोन्महिने ठेवू नका. पँटच्या खिशात मांडीचा घाम आणि त्यातलं मीठ थेट मुठीला लागतं, त्यापेक्षा सॅकचा वरचा कप्पा बरा.

सॅकचा विषय निघालाच आहे तर: शस्त्र कायद्याच्या नियमांत परवान्याची अट लागते ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांना, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या हत्यारांना सूट आहे. आठ नंबर त्याच्या आसपासही जात नाही. पण सण किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली चाकू-काठ्या बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात, तेव्हा तो घरी ठेवा. विमानात हातातल्या सामानात तर कधीच नाही.

उन्हाळ्यात ढिला झाला तर

पातं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर रिव्हेटचं एक टोक जड लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्या टोकावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. प्रत्येक ठोक्यानंतर पातं हलवून बघा. इथे घाई केली की जुलैत पुन्हा पहिल्या परिच्छेदापासून सुरुवात. रिंग ढिली झाली असेल तर ती काढून बोटांनी किंवा पक्कडीने किंचित आत दाबायची आणि परत बसवायची.

मालक काय म्हणतात, आणि मला काय वाटतं

हा चाकू वापरणाऱ्यांची मतं टोकाची असतात. धारेबद्दल मात्र सगळे एकमुखी. पातं पातळ आहे, त्यामुळे टोमॅटो, चिकू, भाकरीबरोबरचा कांदा हे सगळं तो जाड पात्याच्या महागड्या चाकूंपेक्षा स्वच्छ कापतो. फ्रान्समध्ये दहा-पंधरा युरोंत मिळणारी ही वस्तू इथे येईपर्यंत महागते, तरीही धारेच्या मानाने ती स्वस्तच म्हणायची. तक्रार करणारे दोन गोष्टींवर बोट ठेवतात. एका हाताने उघडत नाही, आणि पावसात भरवसा नाही. पहिली तक्रार मला पटत नाही. ज्याला झटक्यात उघडणारा चाकू हवा त्याने हा घेऊच नये, हा बसून फळ कापायचा चाकू आहे. दुसरी तक्रार शंभर टक्के खरी आहे. कंपनीच्या मायदेशात लोकांनी ती आपटून सोडवायची सवय लावून घेतली, पण तिथे चार महिने सलग कोकणासारखा पाऊस नसतो.

कुणी मुठीला पात्याच्या पाठीशेजारी अर्धगोल खाच कोरून घेतात, म्हणजे पातं नखाऐवजी चिमटीत धरता येतं. ही सुधारणा मला आवडते. गोल कानशीने पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, कडांना पॉलिश पेपर मारा, कोरलेल्या जागेला मेण लावा. वयस्कर माणसांसाठी तर ती करावीच, नखात तेवढा जोर राहत नाही.

मासे साफ करायला, होडीवर न्यायला किंवा जून ते सप्टेंबर गडावर भिजत फिरायला लाकडी मूठ घेऊ नका, कितीही मेण लावलं तरी. त्याच आठ नंबरमध्ये स्टेनलेस पातं, प्लास्टिकची मूठ आणि मुठीत शिट्टी असलेला ‘आउटडोअर’ प्रकार मिळतो. दिसायला लाकडीच्या पासंगालाही पुरत नाही, पण फुगत नाही. अक्रोडाची मूठ बीचपेक्षा कमी हलते, तिला जास्त पैसे मोजायचे की नाही हे ज्याने-त्याने ठरवावं.

चाकू परत करण्याजोगा दोष कोणता, हेही विचारलं जातं. पावसात अडकणं हा दोष नव्हे, त्यावर विक्रेत्याशी भांडून काही मिळणार नाही. पण कोरड्या दिवसांतही पातं खाचेच्या एका भिंतीला घासत असेल, रिंग फिरवूनही पातं लॉक होत नसेल, किंवा नव्याकोऱ्या मुठीत कड्याखालून चीर दिसत असेल, तर फोटो काढा आणि लगेच परत पाठवा. तेल, मेण, पॉलिश पेपर यातलं काहीही त्याला लावण्याआधी.